कोको करायचा तर आंबवायची पेटी एकच ठेवा: बेळगावच्या खानापूर भागातल्या महिला संघाच्या बायकांसाठी

जांबोटी-कणकुंबीकडं ज्यांची सुपारीची नाहीतर नारळाची बाग आहे आणि उन्हाळ्यातपण पाणी पुरतंय, त्यांच्यासाठीच हे लिहितेय. निपाणी-चिकोडीकडच्या ऊसवाल्यांनी या नादाला लागू नये, कोकोला सावली लागते.

काजू बी एकटी बाईपण वेचून, वाळवून, पोत्यात भरून व्यापाऱ्याला घालू शकते. कोकोचं (ज्याच्या बियांपासून चॉकलेट होतं) तसं नाही, फळ फोडलं की आत पांढऱ्या गोड गरात बिया असतात, त्या आंबवायलाच लागतात आणि माल थोडा असला की ऊब धरत नाही, वर नुसती बुरशी. प्रत्येकीनं घरात टोपलीत वेगवेगळं केलं तरी एकीचा माल चांगला, दुसरीचा आंबट, आणि भाव लागतो तो सगळ्यात वाईट पोत्याचा. म्हणून पेटी संघाची, एकच.

लागवड थोडक्यात. सुपारीच्या एकाआड एक ओळीत रोपं, तिसऱ्या वर्षापासून फळ धरायला सुरू. पावसाळ्यात फळं काळी पडतात, तेव्हा सुपारीच्या कोळेरोगाला (फळं सडतात तो) मारता तेच १ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं पाणी. खारी आणि उंदीर मात्र पिकलेलं फळ सोडत नाहीत, त्यामुळं १०-१५ दिवसांनी तोडणी चुकवायची नाही.

आता खरं काम. तोडायचे दिवस सगळ्यांनी मिळून ठरवा. फळ पिवळं झालं की तोडा, दोन-तीन दिवस ठेवून मग लाकडी दांडक्यानं फोडा, कोयता नको, बी कापली की आत कीड-बुरशी शिरते. पेटी लाकडाची, तळाला भोकं (रस गळाला पाहिजे), आत केळीची पानं, वरून पानं आणि गोणपाट. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी खालवर करायचं. हात घातला तर चटका बसावा असं गरम लागतं, ४५-५० डिग्रीपर्यंत जातं, नवीन बायका घाबरतात पण तेच पाहिजे. सहाव्या दिवशी काढून उन्हात, अधूनमधून हलवत, आठवडाभर. मुठीत दाबल्यावर कडकड वाजली की झालं. दहा-बारा बिया उभ्या चिरून बघा: आत तपकिरी आणि भेगा असल्या तर उत्तम, जांभळी दिसली तर कच्ची राहिली.

आमच्याकडं जून-जुलैत ऊन कुठलं! तेव्हाचा माल आंबवत बसू नका, गिऱ्हाईक असेल तर ओलाच विका. हिशोब मात्र लक्षात ठेवा, १०० किलो ओल्याचे वाळून ३५-४० किलोच भरतात, ओल्याचा आणि वाळक्याचा भाव त्या मापानं ताडून बघा. पुत्तूरला कॅम्प्कोचा (सुपारी-कोको शेतकऱ्यांची सहकारी संस्था) चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे, तिथला भाव विचारल्याशिवाय गावात आलेल्या व्यापाऱ्याला हो म्हणायचं नाही.

वजनाचं तर फारच सांभाळा. घानामध्ये १९९३ ला कुआपा कोकू नावाची शेतकऱ्यांची सोसायटी निघाली, त्यात वजन करून लिहिणारा माणूस गावानंच निवडायचा अशी पद्धत ठेवली, कारण व्यापाऱ्यांच्या काट्याला लोक वैतागले होते. पुढं जास्तीच्या पैशातून विहिरी, शाळा झाल्या, बायकांनी फळाच्या सालीच्या राखेपासून साबणपण केला. आपल्यातपण काटा संघाचा असू दे, वजन करणारी एक आणि वहीत लिहिणारी दुसरी, दोघी एकाच घरातल्या नकोत (जावाजावा असल्या तर अजिबात नको). वाळक्या मालात किलोमागं दोन-तीन रुपये वेगळ्या खात्यात, त्यातून काय करायचं ते महिन्याच्या मीटिंगमध्ये, अंगणवाडीचं पाणी असो की कुणाच्या दवाखान्याचं बिल. बागेचा मालक कोण, उतारा कुणाच्या नावावर यावर वाद काढू नका, बी जिनं पेटीत घातली पैसे तिच्या खात्यावर.

चॉकलेट पावडर वगैरे नंतर बघू, ते करायचं झालं तर एफएसएसएआय (सरकारचं अन्न सुरक्षा खातं) नोंदणी लागते, वर्षाला १०० रुपये. मशीनसाठी पीएमएफएमई या छोट्या खाद्यउद्योगांच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के सबसिडी ठेवली होती, बँक लोनसोबत, आता चालू आहे का ते आधी विचारा. सीमाप्रश्न घरी ठेवा अक्का, फलोत्पादन खात्याचे कागद कन्नडमध्येच येतात, तेव्हा कन्नड शाळेत शिकलेली एखादी सून नाहीतर पोरगी सेक्रेटरी करा आणि तिला त्याचे पैसे द्या, फुकटात राबवू नका.