स्कूबा डायव्हिंगवरच्या विकिपीडिया लेखांत पहिली भर कशी घालावी

विकिपीडियावर स्कूबा डायव्हिंगबद्दल लिहायला स्वतः डायव्हर असण्याची अट नाही. वाचलेले तपासून घेण्याची चिकाटी असली की पुरते. नवी मंडळी बहुधा उत्साहाने नवा कोरा लेख लिहायला बसतात, संदर्भ नसल्यामुळे तो वगळला जातो आणि ती पुन्हा इकडे फिरकत नाहीत. याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखे बरेच असते. म्हणून सुरुवात नव्या लेखाने करू नका, असलेल्या लेखातल्या एका वाक्याने करा.

खाते आणि सराव

आधी खाते उघडा. सदस्यनाव म्हणून डाइव्ह सेंटरचे किंवा संस्थेचे नाव घेऊ नका. जाहिरात समजून खाते रोखले जाऊ शकते. संपादनासाठी कोणी तुम्हाला पैसे देत असेल, तर ते जाहीर करणे वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे. मग धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, दुवा देणे, संदर्भ जोडणे आणि झलक पाहणे एवढे जमेपर्यंत सराव करा. बाकीचे काम करता करता येते.

पहिली दुरुस्ती

आता एक लेख निवडा आणि तो संपादकाच्या नजरेने वाचा. इतिहास आणि चर्चा पानही चाळा. तुम्हाला खटकलेल्या मुद्द्यावर आधीच चर्चा झालेली असू शकते.

काय दुरुस्त करावे ते सुचत नसेल, तर ‘ऑक्सिजन सिलिंडर’ शोधा. डायव्हर पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन उतरतो, असे सर्रास लिहिले जाते. हौशी डायव्हिंगमध्ये त्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा दाबून भरलेली साधी हवा असते आणि तिच्यात ऑक्सिजन असतो सुमारे २१ टक्के. नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा, वापरणाऱ्यांच्या मिश्रणात तो बहुधा ३२ किंवा ३६ टक्के असतो. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली विषारी ठरतो: समुद्रात ६ मीटरवरच त्याचा आंशिक दाब (त्या एका वायूचा दाब) १.६ बारला पोहोचतो आणि साधारणपणे तीच वरची मर्यादा मानली जाते. एवढा एक शब्द बदलून शेजारी भरवशाचा संदर्भ दिलात, तर लेख खरोखर सुधारतो. संपादन सारांशात काय बदलले आणि का, ते एका ओळीत लिहा आणि प्रकाशित करा.

आकडा लिहिताना

या विषयात सर्वांत जास्त काळजी आकड्यांची घ्यावी लागते. लेखातला खोलीचा किंवा वेगाचा आकडा कोणी तरी खरा धरून पाण्यात उतरू शकते, त्यामुळे इथे मी अजिबात सवलत देत नाही. आकड्यासोबत तो कोणाचा, कशासाठी आणि कधीचा, हे यायलाच हवे.

उदाहरणार्थ, ‘स्कूबा डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. ४० मीटर ही पाडीसारख्या प्रशिक्षण संस्थांनी हौशी डायव्हिंगसाठी घातलेली मर्यादा आहे. त्याच पाडीच्या प्राथमिक ओपन वॉटर प्रमाणपत्राला १८ मीटरची शिफारस आहे. मालदीवमध्ये मात्र ३० मीटरची मर्यादा सरकारी नियमातच आहे. तिन्ही आकडे बरोबर, पण प्रत्येकाचा धनी वेगळा. तो वाक्यात आला नाही, तर वाचकाची दिशाभूल होते.

वर येण्याच्या वेगाचेही तसेच. जुन्या पुस्तकांत मिनिटाला १८ मीटर दिसेल, तर आज अनेक ठिकाणी मिनिटाला ९ मीटर किंवा त्याहून कमी वेग सांगितला जातो. म्हणजे संदर्भाचे प्रकाशन वर्ष पाहिल्याशिवाय आकडा उचलायचा नाही. शिवाय ज्ञानकोश हे प्रशिक्षणाचे पुस्तक नव्हे. ‘वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटे थांबा’ असा आदेश न देता, अमुक संस्था असा थांबा घ्यायला सांगते, असे नोंदवा.

संदर्भ कुठून घ्यावेत

प्रशिक्षण संस्थांची पुस्तके, नौदलांच्या डायव्हिंग नियमपुस्तिका आणि वैद्यकीय नियतकालिकांतले लेख भरवशाचे. उपकरण विकणाऱ्या कंपनीच्या पानावरून फार तर वजन-मापे घ्यावीत, गुणवत्तेचे दावे नकोत. कुठूनही घ्या, वाक्ये तुमची हवीत. मजकूर जसाच्या तसा उतरवला तर प्रताधिकाराचा भंग होतो आणि तो काढला जातो.

‘पहिला’, ‘सर्वांत खोल’, ‘जनक’ असे शब्द दिसले की थांबा. स्कूबाचा शोध कुस्तो यांनी लावला, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. जाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण तयार केले, हे खरे. पण मागणीनुसार हवा सोडणारा रेग्युलेटर रूकेरोल आणि देनेरूझ यांनी १८६० च्या दशकातच बनवला होता. गान्यांचे नाव गाळलेले आढळले, तर ते जोडणे ही फार मोलाची भर आहे.

तुमचा अनुभव आणि फोटो

स्वतःचे लॉगबुक, म्हणजे आपल्या डाइव्हच्या नोंदींची वही, संदर्भ म्हणून चालत नाही. लाल समुद्रातले थिसलगॉर्म हे मालवाहू जहाज १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाले, हे लेखात येईल. तिथे तुम्हाला प्रवाह जोरदार लागला, हे येणार नाही. फोटो मात्र येऊ शकतो आणि पाण्याखालच्या चांगल्या फोटोंची गरज असते. तो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या साठ्यावर चढवा. मुक्त परवाना दिल्यावर इतर कोणीही तो व्यापारी कामासाठीसुद्धा वापरू शकतो, याची जाणीव ठेवा. बडीने (सोबतच्या डायव्हरने) काढलेला फोटो असेल, तर परवाना त्यानेच द्यायला हवा. ठिकाण, तारीख आणि खोली लिहा. खोलवर लाल रंग आधी नाहीसा होतो, म्हणून नंतर रंग सुधारले असतील तर तेही नोंदवा. माशाची जात खात्रीने ओळखता येत नसेल, तर नुसते कुळ लिहिलेले चालते.

बदल उलटवला गेला तर

लगेच पुन्हा तोच बदल करू नका. इतिहासात कारण पाहा, चर्चा पानावर संदर्भासह विचारा आणि काही दिवस वाट बघा. बहुतेक वेळा अडचण संदर्भाची किंवा मांडणीची असते.

जुन्या संपादकांनाही एक विनंती. नवख्याने बरोबर माहिती चुकीच्या जागी किंवा संदर्भाशिवाय टाकली असेल, तर ती पुसण्याआधी संदर्भ शोधून जोडता येतो का पाहा. ते शक्य नसेल, तर त्याच्या चर्चा पानावर नेमके काय कमी पडले ते दोन वाक्यांत लिहा आणि त्याला लगेच करता येईल अशी एखादी दुरुस्ती सुचवा.