परदेशात पत्रकारितेची पदवी घ्यायचीय? अर्ज भरण्याआधी या चुका टाळा

बारावीनंतर पत्रकारिता शिकायला बाहेर जायचं म्हणणारी मुलं आता फोंडा, डिचोली, पेडण्यातही भेटतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो. गोव्याला चांगल्या बातमीदारांची गरज आहे. वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की या हुशार मुलांचं निघण्याआधीच्या वर्षभरातच बरंच नुकसान झालेलं असतं. घरात कोणी या वाटेने गेलेलं नसतं, आणि एजंट सांगेल ते खरं मानलं जातं.

विद्यापीठाच्या नावावर भुलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ‘कोलंबियाला जायचंय’ असं पुष्कळ जण म्हणतात. न्यूयॉर्कच्या या नामांकित पत्रकारिता विद्यालयात बारावीनंतर प्रवेशच नसतो, तिथे फक्त पदव्युत्तर शिक्षण मिळतं. अमेरिकेत पदवीच करायची तर १९०८ साली सुरू झालेलं मिसुरीचं विद्यालय किंवा नॉर्थवेस्टर्नचं मेडिल पाहावं. तिथे चार वर्षं जातात. इंग्लंडमध्ये तीन, स्कॉटलंडमध्ये पुन्हा चार. चौथ्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च हिशेबात धरायला लोक विसरतात.

नाव कितीही मोठं असो, कोर्सच्या पानावर जाऊन सगळ्या वर्षांचे विषय एकेक करून वाचा. ‘मीडिया अँड कम्युनिकेशन’ आणि ‘जर्नलिझम’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत माध्यमांचा अभ्यास असतो. तो वाईट नाही, पण बातमी लिहायला शिकायचं असेल तर तो तुमच्यासाठी नाही. यादीत मीडिया लॉ आहे का? कोर्टाची आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची बातमीदारी आहे का? ‘न्यूज डे’ आहे का? न्यूज डेला वर्गाची न्यूजरूम होते. सकाळी बैठक, मग बाहेर जाऊन माणसं गाठणं, आणि ठरल्या वेळेला बुलेटिन किंवा पान तयार. पदवीभरात असे दिवस किती असतात, हे विद्यापीठाला ईमेल करून विचारा. या एका उत्तरावरून माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं. ब्रिटनमध्ये एनसीटीजेची, म्हणजे पत्रकारांच्या प्रशिक्षणाचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का तेही पाहावं. टीव्ही-रेडिओकडे जायचं असेल तर त्या क्षेत्रासाठी हेच काम करणाऱ्या बीजेटीसीची.

एक लक्षात असू द्या. तिथे कायदा शिकवतील तो तिथला. ब्रिटनमध्ये १९८१ चा न्यायालय अवमान कायदा आणि २०१३ चा बदनामीचा कायदा तुम्ही घोटून पाठ कराल. पणजीत काम करताना लागेल तो २००५ चा माहिती अधिकार कायदा आणि गोव्याचा १९९४ चा पंचायत राज कायदा. परत यायचा विचार असेल तर आपले कायदे सुट्टीत स्वतः वाचावे लागतील.

रिकामी किंवा चुकीची कात्रणं

नमुन्यादाखल काम मागितलं की मुलं शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी जोडतात. समई प्रज्वलित झाली, पाहुण्यांनी मार्गदर्शन केलं, अमक्याने आभार मानले. यात विद्यार्थ्याने काय शोधलं? काहीच नाही.

त्यापेक्षा एखाद्या रविवारी आपल्या गावच्या ग्रामसभेला जा. नळाला पाणी येत नाही म्हणून लोक ओरडत असतील तर तिथेच थांबू नका. मागच्या सभेच्या इतिवृत्तात काय ठराव झाला होता ते पंचायतीत जाऊन वाचा. टँकरवर किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात अर्ज करून विचारा. सरपंच, पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि कळशी घेऊन रांगेत उभी असलेली बाई, तिघांशीही बोला. हे चारशे शब्दांत लिहून स्थानिक दैनिकाला द्या. छापून आलं तर उत्तमच, नाही आलं तरी कामाचा नमुना तयार झाला. मराठीत लिहिलं असेल तर लाजू नका. मूळ मजकुरासोबत नीट इंग्रजी भाषांतर आणि ‘ही बातमी मी अशी मिळवली’ हे चार ओळींत द्या. खाणी, म्हादई, कोमुनिदादच्या जमिनी हे विषय तुमच्या दारातले आहेत. तिथल्या कुठल्याच उमेदवाराकडे ते नाहीत.

ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशाचा अर्ज यूकास या सामाईक व्यवस्थेतून भरतात, त्यातही हेच कामाला येतं. २०२६ च्या प्रवेशापासून तिथे एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, सगळी मिळून ४,००० अक्षरांत. ‘लहानपणापासून बातम्यांची आवड’ या वाक्याने त्यातली जागा वाया घालवू नका. कोर्स पाचच निवडता येतात आणि मुख्य मुदत जानेवारीत संपते, म्हणजे आपल्या बोर्डाच्या निकालाच्या कितीतरी आधी. त्यामुळे शिक्षकांना तुमचे अपेक्षित गुण कळवावे लागतात. आपल्याकडच्या अनेक उच्च माध्यमिक विद्यालयांना याची सवय नाही, तेव्हा प्राचार्यांशी गणेशचतुर्थीच्या सुट्टीआधीच बोलून ठेवा.

‘बोर्ड कुठलंही चालतं’ हा समज

बरीच विद्यापीठं सीबीएसई-आयएससी आणि राज्य मंडळं यांच्यासाठी वेगवेगळी टक्केवारी ठेवतात. काही ठिकाणी ठरावीक राज्यांची नावं देऊन बाकीच्यांना वरची अट घातलेली असते, आणि गोवा बोर्ड त्या ‘बाकीच्यां’त जाऊ शकतं. लेखी विचारून घ्या. एजंट फाउंडेशनचं, म्हणजे पदवीआधीच्या तयारीचं, जादा वर्ष सुचवत असेल तर थेट प्रवेश खरोखर मिळत नाही का, हेही विद्यापीठालाच विचारा.

इंग्रजीचंही तसंच. पत्रकारितेला आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची अपेक्षा इतर विषयांपेक्षा वर असते, अनेकदा सात बँड. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आपली मुलं बोलण्यात कमी पडत नाहीत, अडतात ती लेखनात. पाठ केलेल्या साच्यांनी बँड वाढत नाही. रोज एक मराठी बातमी वाचून तिचा सारांश तीस शब्दांच्या इंग्रजी वाक्यात लिहा.

व्हिसावर असताना मानधन घेणं

हा धोका पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. पैसे घेऊन केलेलं फ्रीलान्स लेखन त्यातच धरलं जातं. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम केलं तर व्हिसाच धोक्यात येतो. इंटर्नशिपसाठी सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची परवानगी) आणि पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी (आपल्या विषयातल्या कामाची परवानगी) हे रीतसर मार्ग आहेत. गोव्यातल्या दैनिकाला तिथून मजकूर पाठवून मानधन घ्यायचं असेल तरी आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्रात विनामोबदला लिहायला मात्र अडचण नसते, तिथे भरपूर लिहा.

पोर्तुगीज पासपोर्टचा भरवसा

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी आजी-आजोबा गोव्यात जन्मले म्हणून पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायचं आणि कमी फीत शिकायचं, हा बेत घरोघरी ऐकू येतो. ब्रेक्झिटनंतर, २०२१-२२ पासून, नव्याने येणाऱ्या युरोपीय नागरिकांना इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचीच फी पडते. आयर्लंडमध्ये पासपोर्टबरोबर युरोपातलं काही वर्षांचं वास्तव्यही पाहतात. पोर्तुगालमध्ये फी कमी खरी, पण पदवीचं शिक्षण मुख्यतः पोर्तुगीज भाषेतून.

पत्रकार होऊ पाहणाऱ्यासाठी याहून गंभीर बाब वेगळीच आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड मिळालं तरी २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार भारतात पत्रकारितेचं काम करायला कार्डधारकाला खास परवानगी लागते. म्हणजे शिकून आलात आणि आपल्याच गावच्या ग्रामसभेची बातमी करायला परवानगी मागावी लागली, असं होऊ शकतं. घरच्यांना हे आजच वाचून दाखवा.

पैशांचा अर्धा हिशेब

ब्रिटिश सरकारची चिवनिंग शिष्यवृत्ती पदवीसाठी नाही. ती मास्टर्ससाठी आहे आणि तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या व्याजमुक्त कर्जाची चौकशी जरूर करा, पण परदेशातली सगळी फी त्यातून निघेल असं धरू नका. ब्रिटनच्या व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. काकांनी शेवटच्या आठवड्यात पैसे टाकले आणि अर्ज अडकला, असं घडतं. वर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार आहे, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा.

पदवीनंतर तिथे राहून कर्ज फेडू, हे गणितही तपासा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळतील. पुढच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी, वर्षाला किमान पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना थोडी सवलत असली तरी गावोगावच्या वृत्तपत्रांत नवीन बातमीदाराला तेवढा पगार सहसा मिळत नाही. हे आकडे मांडून जड वाटत असेल तर पदवी गोव्यात करा, इथल्या दैनिकात दोन वर्षं काम करा आणि मग ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला जा. खर्च एका वर्षाचा, हातात स्वतःच्या बातम्या, आणि चिवनिंगचा अर्ज भरायलाही तुम्ही पात्र.