चोंगचिंगमध्ये पत्ता विचारताना मजलाही विचारा

चीनमधल्या चोंगचिंगला जाणार असाल तर नकाशावरच्या '५० मीटर'वर भरवसा ठेवू नका. ते सरळ वर किंवा सरळ खालीही असू शकतात. यांगत्से आणि ज्यालिंग नद्यांच्या संगमावरचं हे शहर डोंगरउतारावर थरांनी उभं आहे. होंगयादोंग या इमारतीत पहिल्या मजल्यावरून बाहेर पडलात तर नदीकाठचा रस्ता लागतो. अकराव्यावरून बाहेर पडलात तरी रस्ताच! म्हणून भेटीची जागा ठरवताना इमारत, मजला आणि कुठल्या रस्त्याकडचं दार, हे तिन्ही विचारून घ्या.

टॅक्सी बोलावलीत की खरी गंमत. अ‍ॅपमधली खूण बरोबर असते, पण गाडी नेमकी तुमच्या डोक्यावरच्या रस्त्यावर थांबलेली. अशा वेळी समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो चालकाला पाठवा, चिनी येत नसलं तरी काम होतं.

आणि पायऱ्या दिसल्या की लगेच चढत सुटू नका, आधी आसपास लिफ्ट किंवा सरकता जिना आहे का ते बघा. ल्यांगलुकौ ते त्सायुआनबा हा सरकता जिना तर ११२ मीटर लांब आहे. तिकीट काढावं लागतं, पण सामान हातात असेल तर गुडघे दुवा देतात.