स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाचे दात आणि तोंड कसे सांभाळावे

निदानाचा कागद हातात पडला की घरात धावपळ सुरू होते ती मेंदूच्या डॉक्टरांकडे, एमआरआयकडे आणि गोळ्यांच्या दुकानाकडे. दातांचा विचार तेव्हा कुणाच्याच मनात येत नाही. पण दातांची मोठी कामं उरकून घेण्याची वेळ तीच असते. दोन-तीन वर्षांनी ‘आ करा’ म्हटलेलं कळत नाही, खुर्चीत दहा मिनिटं बसवत नाही आणि कुठली दाढ दुखते हे सांगता येत नाही. तेव्हा साध्या किडीसाठीसुद्धा पूर्ण भूल देऊन दात काढायची पाळी येते.

आधी आजार ओळखा

आपल्याकडे ‘म्हातारपणात असं व्हायचंच’ म्हणून एक-दोन वर्षं सहज निघून जातात. कोल्हापुरात रंकाळा तलावावर रोज फिरायला जाणारे आण्णा एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव विसरले, तर ते वयाचं विसरणं. रोजच्याच वाटेवर संध्यामठापाशी उभं राहून घर कुठल्या बाजूला हे कळेना, भाजीवाल्याला सुटे पैसे मोजून देता येईनात, आजींना आमटीला फोडणी आधी की पाणी आधी हे उमगेना, तर ते वय नव्हे, तपासणीचं कारण आहे. न्हाणीघरातल्या खुणाही बघा: ब्रश सकाळी कोरडाच असतो, किंवा तासाभरात तीनदा ओला होतो, किंवा पेस्टऐवजी दाढीचं क्रीम लागलेलं असतं.

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचं नाव नाही. त्यात सर्वांत जास्त आढळतो तो अल्झायमर. त्याशिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून होणारा, मेंदूच्या पेशींत ल्युई बॉडी नावाचे प्रथिनांचे गोळे साठून होणारा, आणि कपाळामागच्या भागापासून सुरू होणारा, ज्यात विसरण्याआधी वागणं बदलतं, असे प्रकार आहेत. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड कमी पडणं, नैराश्य, डोक्याला मार लागून काही आठवड्यांनी मेंदूभोवती साठलेलं रक्त, यांतही माणूस असाच विसरभोळा होतो आणि उपचारांनी बराचसा सुधारू शकतो. म्हणून बी-१२, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्राम, साखर, सोडियम, किडनी-लिव्हर आणि डोक्याचा सीटी किंवा एमआरआय झाल्याशिवाय निदान पक्कं धरू नका.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. काल बरा असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, वातात गेल्यासारखा झाला, तर तो स्मृतिभ्रंश वाढलेला नसतो. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, नवी गोळी, कधी दाढेखालचा पू, अशी कारणं असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळ्या आणि तोंड यांचा संबंध

स्मृतिभ्रंशावरची डोनेपेझिल ही गोळी साधारण ५ मिलिग्रॅमने सुरू होते आणि चार ते सहा आठवड्यांनी, सोसली तर, १० मिलिग्रॅम केली जाते. मळमळ, जुलाब, वाईट स्वप्नं आणि नाडी मंद होणं हे तिचे त्रास. स्वप्नांमुळे झोप उडत असेल तर गोळी रात्रीऐवजी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. याच आजारावरच्या रिव्हास्टिग्मिन या औषधाची त्वचेवर चिकटवायची पट्टी लावत असाल तर नवी लावण्याआधी जुनी काढलीच पाहिजे. पाठीवर दोन-तीन पट्ट्या राहून औषध जास्त झाल्याचे प्रसंग घडतात. पट्टीची जागा रोज बदला, तीच जागा चौदा दिवस पुन्हा नको. मेमँटिन ही तिसरी गोळी आठवड्याला ५ मिलिग्रॅमने वाढवत २० पर्यंत नेतात. ही औषधं आजार बरा करत नाहीत. काही काळ लक्ष, बोलणं, रोजची कामं थोडी बरी टिकवतात, आणि तेवढ्यानेही घराला उसंत मिळते.

दातांचं मोठं नुकसान दुसऱ्याच गोळ्यांनी होतं. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची अमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईवरची ऑक्सिब्युटिनिन, थरथरीवरची ट्रायहेक्सिफेनिडिल यांनी तोंड कोरडं पडतं आणि गोंधळही वाढतो. लाळ तोंडातलं आम्ल मारते. ती आटली की किडीला मोकळं रान मिळतं. त्यात उतारवयात हिरड्या खाली सरकलेल्या असतात. उघडी पडलेली मुळं दाताच्या वरच्या आवरणापेक्षा मऊ, म्हणून कीड हिरडीच्या कडेने लागते आणि फारसं न दुखता दात बुंध्यापाशी मोडतो. सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘यातली कुठली बंद करता येईल?’ असं स्पष्ट विचारा. स्वतःहून मात्र एकही बंद करू नका.

निदानानंतरच्या सहा महिन्यांत काय उरकावं

पूर्ण तपासणी आणि जबड्याचा मोठा एक्स-रे करून घ्या. वाचणार नाहीत ते दात आताच काढा, कीड भरून घ्या, दात साफ करून घ्या. दंतवैद्यांना आजाराचं नाव सांगा आणि जे पुढे दुसऱ्याला साफ करता येईल असंच काम मागा. खूप दातांचे जोडपूल, गुंतागुंतीचे इम्प्लांट पुढे सांभाळणाऱ्याला घासता येत नाहीत. कवळी लागणार असेल तर आता. नवी कवळी जीभ आणि गालाच्या स्नायूंना शिकावी लागते, आणि नवं शिकणं हेच या आजारात आधी जातं. जुनी सैल झाली असेल तर तिलाच आतून अस्तर भरून घ्या किंवा तिच्याच आकाराची दुसरी करा. कवळीवर नाव घालायला सांगा.

दर तीन-चार महिन्यांनी दातांवर फ्लोराइड व्हार्निशचा (किडीपासून बचाव करणारा) लेप लावून घेणं सोपं आणि लवकर होणारं काम आहे. ड्रिल सहन होत नसेल तर सिल्व्हर डायमिन फ्लोराइडचा थेंब लावून कीड थोपवता येते. किडलेली जागा त्याने कायमची काळी पडते, हे आधी माहीत असू द्या, नाहीतर नातेवाईक घाबरतात.

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात दंतविभाग आहे, आणि जिल्ह्यात न्यू पारगावला दंत महाविद्यालय आहे. राजारामपुरी, शाहूपुरीतला खासगी दवाखाना निवडताना जिना किती आणि लिफ्ट आहे का, हे फोनवरच विचारा. वेळ सकाळची घ्या, कारण संध्याकाळी गोंधळ वाढतो. मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडच्या गर्दीतून नेऊ नका. दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस बिथरलेला असेल तर काम होणार नाही. नाश्ता, नेहमीच्या गोळ्या आणि लघवी उरकून निघा. खुर्चीपाशी घरचं एकजण रुग्णाला दिसेल असं हात धरून बसावं. दिव्याचा झोत डोळ्यांवर येऊ नये म्हणून गॉगल घाला. एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त काम नको.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण दात काढायचा म्हणून घरच्या घरी थांबवू नका. डोनेपेझिलबद्दलही सांगा, म्हणजे अँटिबायोटिक निवडताना डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधं टाळतील. दात काढल्यावर बधिर ओठ माणूस चावून घेतो, जखमेवरचा कापसाचा बोळा गिळतो, टाके बोटाने ओढतो. म्हणून दोन-तीन तास कुणीतरी समोर बसायलाच हवं, बोळा वेळेवर काढायला हवा, आणि विरघळणारे टाके मागून घ्यायचे.

रोजचा ब्रश

खरी निगा ही. दिवसातून दोनदा, आणि एकदाच जमत असेल तर रात्री झोपताना. ब्रश मऊ केसांचा, लहान डोक्याचा घ्या. लहान मुलांचा चालतो. दांडा पकडता येत नसेल तर त्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवा किंवा जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळा. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का ते वाचा, कारण कित्येक हर्बल पेस्टमध्ये ते नसतं. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

रुग्णाला उजेडात, टेकून, हनुवटी किंचित खाली ठेवून बसवा. आडवं झोपवून ब्रश करू नका. पाणी श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. समोरून तोंडावर वाकणं धमकीसारखं वाटतं, म्हणून शेजारून या, डोळ्यांच्या पातळीला बसा. एका वेळी एकच वाक्य बोला: ‘आण्णा, दात घासूया.’ मग थांबा. कळायला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि घाईत आपण दुसरं वाक्य बोललो की पहिलंही निसटतं.

जोवर जमतं तोवर ब्रश त्यांच्याच हातात द्या. सुरुवात विसरत असतील तर त्यांच्या हातावर आपला हात ठेवून पहिले चार-पाच फेरे द्या. पुष्कळदा पुढचं हात आपोआप करतात, कारण सवयीची आठवण शेवटपर्यंत तग धरते. आपणही समोर ब्रश करत राहिलं तर बघून करतात. ज्यांनी जन्मभर राखुंडीच लावली त्यांना ब्रश अनोळखी वाटेल. त्यांच्या बोटावर पेस्ट देऊन सुरुवात करू द्या, मग ब्रश पुढे करा.

आपण घासायचं असेल तर हातमोजे घाला. ब्रश ओठाच्या कोपऱ्यातून आत न्या, आधी गालाकडची बाजू, शेवटी आतली. केस दात-हिरडीच्या सांध्याकडे तिरके ठेवून लहान गोल फिरवा. जीभ हळूच पुसा. दातांच्या मध्ये बोट कधीही घालू नका. चावा मुद्दाम घेत नाहीत, ती जबड्याची प्रतिक्रिया असते आणि जोर फार असतो. गाल बाजूला धरायला दुसऱ्या ब्रशचा दांडा वापरा. शेवटी थुंकवा आणि खळखळून चूळ भरायला लावू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. हिरडीतून थोडं रक्त येईल. ते सूज असल्याची खूण आहे, ब्रश थांबवण्याची नव्हे. नीट घासत राहिलं तर एक-दोन आठवड्यांत कमी होतं. न थांबणारं रक्त मात्र डॉक्टरांना दाखवा.

तोंड मिटून घेतलं, हात झटकला, तर जबरदस्ती नको. ब्रश बाजूला ठेवा, हातात टॉवेल किंवा जपमाळ द्या, रेडिओवर अभंग लावा, वीस मिनिटांनी पुन्हा या. घरातल्या एकाला ‘नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्याला निमूट तोंड उघडून देतो, हेही लक्षात ठेवा. एकदा बळजबरी झाली की कारण विसरलं जातं, भीती मात्र राहते, आणि पुढचे कित्येक दिवस ब्रश दिसला तरी तोंड मिटतं.

कवळी

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, कवळी वाकते. घासायला पेस्ट नको, तिने ओरखडे पडतात. साबणाचं पाणी आणि वेगळा ब्रश घ्या. घासताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा, हातातून निसटली तर तुटणार नाही. कवळीखालची हिरडी लालभडक दिसली किंवा पांढरे चट्टे आले तर ते बुरशीचं लक्षण आहे, दाखवा. ही माणसं कवळी रुमालात, उशीखाली, कचऱ्यात ठेवून विसरतात, म्हणून जेवणानंतर ताट उचलण्याआधी ती आहे का बघा. एक-दोन दातांची सुटी छोटी कवळी गिळली जाऊ शकते. आजार वाढला की ती देणं थांबवणंच बरं.

गूळ, बिस्किटं आणि मशेरी

या आजारात गोडाची ओढ पुष्कळांना लागते, आणि आपला गूळ तर दातांना चिकटून बसतो. बंद करण्यापेक्षा वेळा बांधा: गोड जेवणासोबत द्या, मधल्या वेळी आणि झोपताना नको. चहात बुडवलेलं बिस्किट आणि दुधात कुस्करलेली भाकरी गालात गोळा होऊन तासन्‌तास राहते. प्रत्येक जेवणानंतर घोटभर पाणी द्या आणि टॉर्च घेऊन गालांत बघा. खोकल्याचं सिरप साखरेशिवायचं मागा. तोंड आलेलं असताना मिसळीचा कट किंवा तांबडा रस्सा झोंबतो. तेव्हा ताट ढकलणं हा हट्ट नसतो. पांढरा रस्सा कोमट करून त्यात भात द्या.

आपल्या भागातल्या अनेक आजी वर्षानुवर्षं मशेरी लावत आलेल्या असतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. गाल, जिभेच्या कडा, ओठाच्या आतली बाजू महिन्यातून एकदा उजेडात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर थांबू नका. मशेरी आठवली की आजी बेचैन होतात. त्या वेळी बडीशेप किंवा ओवा हातात द्या, ठसका लागत नसेल तरच.

दुखतंय हे कसं कळेल

सांगता येत नाही तेव्हा वागण्यातून दिसतं. आवडीचं जेवण ढकलणं, एकाच बाजूने चावणं, गाल सतत चोळणं, कवळी घालू न देणं, रात्री येरझाऱ्या, अंघोळीच्या वेळी एकाएकी मारायला धावणं. असं दिसलं की ‘आजार वाढला’ म्हणून झोपेच्या गोळीकडे वळण्याआधी तोंडात बघा: सुजलेली हिरडी, मोडलेल्या दाताची धार, कवळीने पडलेला घाव. चेहरा सुजला, ताप आला किंवा गिळायला त्रास होऊ लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

शेवटच्या टप्प्यात

चूळ भरणं, थुंकणं थांबलं की पाणी ओतायचं नाही. डोकं एका कुशीला, थोडं उंच ठेवा. मऊ ब्रश जेमतेम ओला करून, अगदी पुसट पेस्ट लावून घासा आणि फेस ओल्या गॉजने टिपून घ्या. माऊथवॉश तोंडात धरायला देऊ नका. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक सांगितलं असेल तर ते गॉजने लावा. कोरड्या तोंडाला दर दोन तासांनी ओलं गॉज आणि ओठांना व्हॅसलीन लावा. लिंबू लावलेले बोळे नकोत, ते तोंड आणखी कोरडं करतात. सुकून चिकटलेला थर ओरबाडू नका; आधी ओलावा, पाच मिनिटं थांबा, मग पुसा.

सांभाळणाऱ्याला विचारायला कुणी हवं असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे दोन क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा, गोळ्यांच्या यादीच्या शेजारी.