थोरियम इंधनाचं मॉडेल करताना या चुका टाळा

अणुभट्टीतल्या इंधनाचं वर्तन मोजणाऱ्या प्रोग्रामला दिलेल्या युरेनियमच्या जुन्या इनपुट फाइलीत इंधनाचं नाव तेवढं बदलून थोरियम केलं, प्रोग्राम न कुरकुरता चालला, आलेखही गुळगुळीत आला. गोव्यात फर्मागुडीत असो की ताळगावात, पहिली फसगत इथेच होते: पोटातले आकडे युरेनियमचेच राहतात.

घनता आधी बघा. युरेनियम डायऑक्साइडची सैद्धांतिक घनता घन सेंटिमीटरला १०.९६ ग्रॅम, थोरियाची, म्हणजे थोरियम डायऑक्साइडची, साधारण १०. फाइलीतला १०.४ म्हणजे युरेनियमचे ९५ टक्के. थोरियाला तोच १०४ टक्के पडतो. सच्छिद्रता, म्हणजे आतला पोकळ भाग, उणे चार टक्के! काही प्रोग्राम इथे अडतात, काही वाढीव उष्णतावाहकता घेऊन मुकाट पुढे जातात. हे दुसरे जास्त घातक. ९.५ भरा.

शुद्ध थोरियाची वाहकता चांगली, म्हणून प्लुटोनियम मिसळलेल्या पेलेटलाही (इंधनाच्या छोट्या दंडगोल गोळीलाही) तीच लावू नका. दोन टोकांत सरळ रेष ओढणंही चूकच, कारण परके अणू जाळीतली कंपनं विखुरतात आणि थोड्या मिश्रणानंही वाहकता उतरते. त्याच प्रमाणासाठी मोजलेलं सूत्र घ्या. मग तापमानातला फरक हातानं पडताळा: रेषीय शक्ती (इंधनाच्या दर मीटर लांबीची) भागिले (४ × पाय × वाहकता). मीटरला ३० किलोवॉट आणि वाहकता ३ वॉट प्रति मीटर-केल्विन धरली, तर केंद्र आणि पृष्ठभागात सुमारे ८०० अंशांचा फरक. प्रोग्राम ४०० दाखवत असेल तर मेश (गणितासाठी पाडलेले तुकडे) बारीक करत बसू नका, एककं तपासा.

सगळ्यांत जास्त डोकं खाते ती प्रोटॅक्टिनियम २३३ची पायरी. थोरियम २३२ न्यूट्रॉन गिळतो, २२ मिनिटं अर्धायुष्याचा थोरियम २३३ होतो, मग २७ दिवसांचं प्रोटॅक्टिनियम, तेव्हा कुठे युरेनियम २३३. बर्नअपची (इंधन जळत जाण्याच्या हिशेबाची) पहिलीच पायरी ३० दिवसांची घेतली तर हा उशीर हिशेबात नीट उतरत नाही. १, ३, ५ दिवसांनी सुरुवात करा. पायऱ्या निम्म्या करून पुन्हा चालवा; युरेनियम २३३चा आकडा हलला तर अजून बारीक करा. अणुभट्टी बंद असलेल्या काळालाही शून्य शक्तीच्या पायऱ्या द्या, कारण प्रोटॅक्टिनियमचा क्षय तेव्हाही चालूच असतो आणि विखंडनक्षम साठा वाढतो.

शक्ती-इतिहास, म्हणजे कोणत्या दिवशी किती शक्ती, उसना घेऊ नका. शेजारच्या कर्नाटकातल्या कैगासारख्याच जड पाण्याच्या, गुजरातमधल्या काक्रापार १ अणुभट्टीत, शक्तीची वाटणी सपाट करायला सुरुवातीच्या गाभ्यात थोरियाचे ३५ बंडल (इंधनकांड्यांचे जुडगे) ठेवले होते. असं बंडल आरंभी जवळपास काहीच शक्ती देत नाही, हळूहळू चढतं. त्याला युरेनियम बंडलचा इतिहास चिकटवला की पहिल्या दिवसापासून तापमान आणि विखंडनातल्या वायूंची मुक्ती खोटी.

पेलेटच्या कडेला शक्ती चढण्याचं युरेनियमचं कोष्टकही काढा. थोरियम २३२चा अनुनाद समाकल (ठरावीक ऊर्जांचे न्यूट्रॉन गिळण्याची एकूण क्षमता) सुमारे ८५ बार्न, युरेनियम २३८चा २७५च्या आसपास, त्यामुळे कड तितकी उठत नाही. ओपनएमसी या न्यूट्रॉनांचं गणित करणाऱ्या प्रोग्राममध्ये पेलेटची समान आकारमानाची दहा वलयं करून प्रत्येक वेगळं जाळा. झेनॉन-क्रिप्टॉनचं गुणोत्तरही बदला. युरेनियम २३३ क्रिप्टॉन जास्त देतं.

आणि जूनच्या पावसात रात्रभराचं गणित लावणार असाल तर प्रत्येक पायरीची फाइल डिस्कवर उतरू द्या. वीज गेली की सगळं पहिल्यापासून.