ऑस्ट्रेलियात बोटीचा ट्रेलर घेताना आधी चाकात काय आहे ते बघा

नोकरी लागली, भाड्याच्या घरात बस्तान बसलं की शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेमधली ॲल्युमिनियमची ‘टिनी’ खुणावू लागते. मग वापरलेली बोट बघायला गेलेला माणूस बोटीचा तळ ठोकून बघतो, इंजिन सुरू करून बघतो आणि ट्रेलर मात्र ‘सोबतच मिळतोय’ म्हणून न बघताच घेऊन येतो. क्रम उलटा हवा. इंजिन बिघडलं तर फार तर एक रविवार वाया जाईल. फ्रीवेवर चाक निखळलं तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

सुरुवात वजनापासून करा. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, कपलिंगच्या (गाडीला जोडायच्या भागाच्या) आसपास, एक पाटी असते. तिच्यावर व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) आणि एटीएम असतं. एटीएम म्हणजे गाडीपासून सोडवलेल्या, पूर्ण भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन. जीटीएम म्हणजे ट्रेलर गाडीला जोडलेला असताना त्याच्या चाकांवर येणारं वजन. दोहोंतला फरक टो-बॉल, म्हणजे गाडीमागचा जोडणीचा गोळा, उचलतो. ब्रेकचा नियम जीटीएमवर चालतो: ७५० किलोपर्यंत ब्रेक सक्तीचे नाहीत. त्यापुढे २००० किलोपर्यंत निदान एका एक्सलच्या चाकांना ब्रेक हवेत, आणि इथे ओव्हरराइड कपलिंग चालतं, म्हणजे गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच ब्रेक लागतात. २००० किलोच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक, ते चालकाच्या जागेवरून लावता येणारे, आणि ट्रेलर सुटलाच तर आपोआप लागणारी ब्रेकअवे यंत्रणा.

आता साडेचार मीटरच्या टिनीचा हिशोब मांडा. हल (बोटीचं धड) २८० किलो, ६० अश्वशक्तीचं इंजिन ११५, पेट्रोल ७० लिटर म्हणजे ५२ किलो, बॅटरी २५, नांगर-दोर-लाइफजॅकेट-बर्फाची पेटी मिळून ६०, खुद्द ट्रेलर २५०. झाले ७८२ किलो. बॉलवर ६० किलो टेकले तर जीटीएम ७२२, म्हणजे ब्रेकशिवाय चालेल असं वाटतं. पण त्या ट्रेलरच्या पाटीवर एटीएम ७५० असेल तर तो ३२ किलोने जास्त भरलेला आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकी तीच पाटी वाचते. विकणाऱ्याने तोंडी सांगितलेलं वजन सोडून द्या. बोट सामान आणि पेट्रोलसकट सार्वजनिक वजनकाट्यावर न्या.

टो-बॉलवर साधारण एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हवा. कमी असेल तर वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवू लागतो. हा भार बदलायचा तर विंच-पोस्ट (बोटीचं नाक जिथे टेकतं तो पुढचा खांब) पुढे-मागे सरकवा किंवा एक्सल सरकवा. बोटीत पुढे सामान कोंबणं हा इलाज नव्हे. तुमच्या गाडीची ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा वेगळी असते, आणि बॉलवरच्या भाराची आणखी वेगळी. तिन्ही आकडे गाडीच्या पुस्तकात आणि टो-बारच्या पाटीवर मिळतील. गाडीचा आणि टो-बारचा आकडा वेगळा असेल तर जो कमी तोच तुमचा. एटीएम २५०० किलोपर्यंत एक सेफ्टी चेन पुरते, त्यावर दोन लागतात. लायसन्सचंही लक्षात ठेवा: न्यू साउथ वेल्समध्ये पी-वन (नव्या चालकाच्या पहिल्या टप्प्यातल्या) लायसन्सवर रिकामा असताना २५० किलोंपेक्षा जड असलेला ट्रेलर ओढता येत नाही.

सांगाड्यात फार डोकं घालायला नको. खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर गरम जस्ताचं गॅल्वनायझिंग हवं, रंगवलेलं लोखंड नको. स्प्रिंगची पानं जिथे एकमेकांवर बसतात ती फट, यू-बोल्टचे आटे आणि चौकोनी पाइपचं आतलं तोंड इथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. वरून छान दिसणारा ट्रेलर इथेच सडलेला सापडतो. ॲल्युमिनियमच्या बोटीला मधल्या कील-रोलरसोबत दोन्ही बाजूंना स्किड (लांब आधारपट्ट्या) असले की भार पसरतो. फायबरग्लासच्या जड बोटीला रॅम्पवरून चढवताना रोलर सोयीचे, पण एकाच रोलरवर भार येत असेल तर हलला खोक पडते. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२वा आठवडा. बोटीचा ट्रेलर बहुतेक वेळ उभाच असतो, म्हणून नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारं होतं.

आता बेअरिंग. इथल्या साध्या ट्रेलरवर बहुतेक दोनच सेट दिसतात. दुकानात त्यांना ‘होल्डन’ आणि ‘फोर्ड’ म्हणतात. होल्डन म्हणजे एलएम सेट: आतलं मोठं बेअरिंग एलएम ६७०४८, बाहेरचं लहान एलएम ११९४९. फोर्ड म्हणजे एसएल किंवा ‘स्लिमलाइन’: आतलं एल ६८१४९, बाहेरचं एलएम १२७४९. पहिला साधारण १००० किलोच्या एक्सलवर असतो, दुसरा ४५ मिमी चौकोनी एक्सलवर, १४०० किलोच्या आसपास. घोळ होतो तो यापुढे. चाकाच्या बोल्टांच्या नक्षीलाही हीच दोन नावं आहेत. ५ बोल्ट, ११४.३ मिमीची ‘फोर्ड’ नक्षी असलेल्या हबमध्ये (चाक बसतं त्या मधल्या भागात) होल्डन बेअरिंग असणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे चाक बघून किट आणू नका. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर वाचा. तो गेला असेल तर आतल्या बेअरिंगचं भोक मोजा: एलएमचं ३१.७५ मिमी, एसएलचं जेमतेम ३५.

स्वस्त किटमधलं बिननावाचं बेअरिंग टाळा. टिमकेन किंवा कोयो थोडं महाग पडेल, पण त्याहून महत्त्वाचा आहे मागचा सील, म्हणजे हबच्या मागून पाणी अडवणारं रबरी कडं. बोटीच्या ट्रेलरचं बेअरिंग वजनाने क्वचित मरतं, पाण्याने मरतं. तासभर चालून हब तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढून घेते. म्हणून रॅम्पवर पोचल्यावर बोटीचे पट्टे सोडणं, बंग (बोटीच्या तळाच्या भोकाचं बूच) बसवणं, दिव्याचा प्लग काढणं ही कामं आधी उरका. हब हाताला कोमट लागेपर्यंत ट्रेलर पाण्यात घालू नका. दोन ओठांचा मरीन सील घ्या. आणि एक्सलवर जिथे सील घासतो ती पट्टी बोटाने चाचपा. तिथे गंजाचे खड्डे असतील तर नवा सीलही पहिल्याच फेरीत गळेल. बारीक पॉलिश पेपरने खड्डे गेले नाहीत तर स्टेनलेसची बाही बसवावी लागते.

काम करताना आधी चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, दुसऱ्या चाकाला पुढे-मागे ठोकळे लावा, मग जॅकने उचलून ट्रेलरखाली स्टँड लावा. डस्ट कॅप कडेकडेने ठोकून काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, कॅसल नट (खाचांचा नट) आणि वॉशर काढा, हब थोडा हलवला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. जुनं ग्रीस पुसण्याआधी त्याचा रंग बघा. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय. रोलरवर निळसर छटा म्हणजे ते जळलंय, कपावर (रोलर ज्यावर फिरतात त्या हबमधल्या बाहेरच्या कड्यावर) रेघांच्या खुणा म्हणजे पाण्यात गंजून बसलंय. रॉकेलने सगळं धुऊन कोरडं करा. कॉम्प्रेसरची हवा मारताना बेअरिंग गरगर फिरवू नका, सुटं बेअरिंग फुटू शकतं.

नवं बेअरिंग जुन्या कपात घालायचं नाही, कप आणि बेअरिंग जोडीनेच बदला. जुना कप मागून पितळी ड्रिफ्टने (बोथट सळईने) आलटूनपालटून ठोकून काढा. नवा कप जुन्याच्या आधाराने बसवा. तळाला टेकला की हातोड्याचा आवाज बदलतो, तो ऐकू येईपर्यंत थांबू नका. ग्रीस मरीन दर्जाचं, एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा क्रमांक). आधीचं कोणतं होतं माहीत नसेल तर एक कणही शिल्लक ठेवू नका, दोन जातींची ग्रीस मिसळली की पातळ होऊन गळू शकतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, वरच्या फटीतून ग्रीस बाहेर येईस्तोवर. नुसतं वरून चोपडलं तर आतले रोलर कोरडेच राहतात.

नट घट्ट करण्यात सर्वांत जास्त चुका होतात. हब हाताने फिरवत राहून पान्याने नट आवळा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं. मग नट पूर्ण सैल करा आणि फक्त बोटांनी परत घट्ट करा. भोकं जुळत नसतील तर पुढच्या खाचेपर्यंत मागे घ्या, पुढे कधीच नाही. नवी स्प्लिट पिन घाला. चाक वर आणि खाली धरून हलवल्यावर किंचित खेळ जाणवावा. काहीच नाही म्हणजे आवळलंय, तापेल. डुगडुगलं तर सैल आहे. स्प्रिंगवाली कॅप (आतल्या पिस्टनने ग्रीसवर दाब ठेवणारी) असेल तर ग्रीस-गन जपून चालवा. पिस्टन पुढे येऊ लागला की थांबा, नाहीतर मागचा सील बाहेर ढकलला जाईल आणि ग्रीस ब्रेकवर पडेल. पहिल्या २० किमीनंतर थांबून दोन्ही हबजवळ हात धरा. दोन्ही सारखे कोमट हवेत, एकच कढत असेल तर तो परत उघडा. चाकाचे नट ५० किमीनंतर पुन्हा आवळा. हे सगळं वर्षातून एकदा, उन्हाळा लागण्याआधी. खाऱ्या पाण्यात वरचेवर जात असाल तर दोनदा.

कागदपत्रांचं थोडक्यात. ट्रेलरचा १७ अक्षरांचा व्हीआयएन सांगाड्यावरच्या नंबराशी जुळतो का बघा आणि पीपीएसआरवर (वस्तूवर कर्ज बाकी आहे का ते सांगणाऱ्या सरकारी नोंदीत) तो टाकून शोधा, सरकारी साइटवर फी २ डॉलर. बोटीच्या एचआयएनचा (हलच्या ओळख क्रमांकाचा) शोध वेगळा करावा लागतो. ट्रेलरवर कर्ज बाकी असेल तर कर्ज देणारा तो तुमच्या दारातून उचलून नेऊ शकतो. नवा ट्रेलर घेत असाल तर १ जुलै २०२१ पासूनच्या कायद्याप्रमाणे तो मान्यताप्राप्त वाहनांच्या नोंदीत, म्हणजे आरएव्हीमध्ये, असला पाहिजे.

गाडीत कायम ठेवा: ग्रीस भरलेल्या बेअरिंगसकट एक पूर्ण हब पिशवीत बांधून, सील, चार स्प्लिट पिना, डस्ट कॅप, नटाचा पाना, ट्रेलरला पुरेल असा जॅक, लाकडाची फळी आणि ट्रेलरच्याच मापाचं स्टेपनी चाक. गाडीची स्टेपनी बहुतेकदा ट्रेलरला बसत नाही.