व्हॉल्व्ह फोनो प्रीअँपचा गेन कमी करायचा, पण नेमका कुठे?

व्हॉल्यूमचं बटण जेमतेम आठ-नऊच्या काट्यावर असताना घर दणाणत असेल, तर घरी जोडलेल्या फोनो प्रीअँपचा (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण, जास्त झालाय. बटणाच्या त्या पहिल्या टप्प्यात डावा-उजवा ट्रॅक सारखे चालत नाहीत, त्यामुळे एका बाजूचा आवाज बारीक येतो.

इथे ईसीसी८३ व्हॉल्व्हचे सिग्नल वाढवणारे दोन टप्पे, मध्ये पॅसिव्ह आरआयएए (रेकॉर्डवर घटवलेला खर्ज आणि चढवलेले वरचे सूर मूळ पातळीवर आणणारं फिल्टर), शेवटी कॅथोड फॉलोअर (गेन न देता सिग्नल पुढे पोचवणारा टप्पा) ही नेहमीची रचना धरली आहे. व्हॉल्व्हमध्ये सिग्नल ग्रिडवर आत येतो आणि अ‍ॅनोडवरून वाढून निघतो; कॅथोड हे तिसरं टोक. प्रत्येक टप्प्यात अ‍ॅनोडला १०० किलोओहम आणि कॅथोडला १.५ किलोओहमचा रेझिस्टर.

आधी मोजावं. मोबाइलवर १ किलोहर्ट्झचा साइन टोन लावावा (चार्जर काढून, नाहीतर हम येतो). १० किलोओहम आणि १०० ओहमचा विभाजक करून १०० ओहमवरचा सिग्नल इनपुटला द्यावा. मोबाइलमधून ३०३ मिलिव्होल्ट निघत असतील तर आत ३ जातात. आउटपुटला ७५० मिलिव्होल्ट दिसले तर गेन २५० पट, म्हणजे ४८ डेसिबल. ४ ते ५ मिलिव्होल्टच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला, म्हणजे सुईच्या पिकअपला, ४० ते ४२ डेसिबल पुरेसा. कमी व्होल्टेजचं एमसी (मूव्हिंग कॉइल) असेल तर व्हॉल्व्हचा गेन वाढवत बसू नये, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावावा.

आता हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. २५० व्होल्टचे फिल्टर कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले राहतात. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने ते रिकामे करावेत आणि मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करावी. चॅसिसला अर्थ हवाच. आपल्याकडच्या जांभ्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं.

गेन दुसऱ्या टप्प्यातच कमी करावा. त्याच्या कॅथोडवरचा १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर (कॅथोड रेझिस्टरला समांतर लावलेला) काढला की गेन सुमारे ६१ वरून ३२ पटीवर येतो, म्हणजे जवळपास ६ डेसिबल उतरतात. डीसी बदलत नाही; कॅथोडचा व्होल्टेज आधी होता तोच दिसायला हवा. थोडंच कमी करायचं असेल तर १.५ किलोओहमच्या जागी १ किलोओहम आणि ४७० ओहम सिरीजमध्ये लावावेत. ४७० कॅथोडच्या बाजूला ठेवून कपॅसिटर फक्त १ किलोओहमवर टाकावा. दोनेक डेसिबल उतरतील.

हेच पहिल्या टप्प्यात केलं तर त्याचा आउटपुट रोध ३८ वरून ६८ किलोओहमच्या आसपास जातो, आणि पुढच्या आरआयएएची सगळी गणितं चुकतात. ईसीसी८३ च्या जागी ईसीसी८२ खोचणं तर नकोच. पिना जुळतात, पण बायस (ग्रिड आणि कॅथोडमधला डीसी व्होल्टेज) आणि रोध दोन्ही बदलतात.

एक बारकावा बहुतेकांकडून सुटतो. दुसऱ्या टप्प्याचा गेन घटला की त्याची मिलर कपॅसिटन्सही (गेनमुळे ग्रिडवर वाढून दिसणारी कपॅसिटन्स) साधारण १०० वरून ५० पिकोफॅरडवर येते. आरआयएएमधला लहान कपॅसिटर १ नॅनोफॅरडच्या आसपास असेल तर वरचे सूर किंचित चढतात. दुसऱ्या टप्प्याच्या ग्रिडवरून ग्राउंडला ४७ पिकोफॅरडचा मायका कपॅसिटर लावला की हिशोब पुन्हा जमतो. कानांना तो फरक झांजेत कळतो.

अजून कमी हवं असेल तर आउटपुट कपॅसिटरनंतर २२ किलोओहमचे दोन रेझिस्टर विभाजक म्हणून लावावेत. आणखी ६ डेसिबल जातील. मात्र आउटपुट कपॅसिटर किमान १ मायक्रोफॅरडचा असू द्या, नाहीतर खर्ज पातळ होतो.

डाव्या-उजव्या बाजूंच्या गेनमध्ये १२ टक्क्यांहून जास्त फरक आला तर आधी दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हची अदलाबदल करावी. फरक व्हॉल्व्हसोबत सरकला तर दोष व्हॉल्व्हचा. जागीच राहिला तर सुकलेला कॅथोड कपॅसिटर शोधावा.

पावसाळ्यात, विशेषतः किनाऱ्याजवळच्या घरांत, सॉकेटच्या पिना खाऱ्या हवेने काळ्या पडतात आणि टॅगबोर्डवर ओल धरते. अ‍ॅनोडकडून ग्रिडकडे होणारी बारीकशी गळतीही चरचर उठवते आणि बायस हलवते, मग मोजलेला गेन रोज वेगळा निघतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने सॉकेट आणि बोर्ड पुसावा, पूर्ण वाळू द्यावा, आणि तोच ३ मिलिव्होल्टचा टोन देऊन दोन्ही बाजू पुन्हा मोजाव्यात.